मुंबईच्या सागवानातून इंग्रजांचं आरमार उभं करणारा सुतार: जमशेटजी वाडिया

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली एक प्रकारचे रील सतत पुढे येतात. टेबलावर दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा, तळहातावर मावेल एवढा. एक माणूस बारीक ब्रशने त्याच्या चाकांवर चिखल रंगवतोय. किंवा हातभर लांबीची युद्धनौका, तिच्या तोफा चिमट्याने बसवणं चाललंय. याला स्केल मॉडेलिंग म्हणतात. रणगाड्यांसाठी १:३५, जहाजांसाठी १:३५० किंवा १:७०० ही मापं जगभर चालतात. म्हणजे खऱ्या जहाजाचे साडेतीनशे फूट तुमच्या टेबलावर फक्त एक फूट.

आम्ही पडलो मानोऱ्याचे. वाशिम जिल्हा, पोहरादेवीचा तालुका. समुद्र इथून पाचशे-सहाशे किलोमीटर लांब. पण छोट्या प्रतिकृतीचं वेड विदर्भाला नवं नाही. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकं लावलेला लाकडी नंदीबैल ओढत नेतात, तो काय वेगळा असतो? डोळे, शिंगं, झूल, घुंगरू, सगळं मापात लागतं. शिंग जरा वाकडं झालं की पोरगं रडतं.

तर विषय असा झाला की, आम्हाला पण एक लढाऊ जहाज बनवायची हुक्की आली. प्लास्टिकचं किट परवडेना, म्हणून ठरलं लाकडाचं करू. आणि कुठलं जहाज करायचं हे शोधता शोधता एक नाव सापडलं, एचएमएस ट्रिंकोमाली. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, मालक इंग्लंडचा राजा, आज उभं आहे इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात. आणि बांधलंय कुठं? मुंबईत. कुणी? जमशेटजी बोमनजी वाडिया नावाच्या पारशी माणसाने.

वाडिया म्हटलं की आपल्याला बॉम्बे डाईंग आठवतं, ब्रिटानियाची बिस्किटं आठवतात. त्याच घराण्याची ही गोष्ट, पण कापड आणि बिस्किटांच्या खूप आधीची. तेव्हा हे लोक सुतार होते. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळात जहाज बांधणारा.

सुरतेहून आलेले दहा सुतार

साल १७३६. मुंबई तेव्हा आजच्यासारखी नव्हती. कंपनी सरकारला मुंबईत जहाजं हवी होती, कारण कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले, पण त्यांच्या मुलांची गुराबं आणि गलबतं इंग्रजांना सुखाने झोपू देत नव्हती. म्हणून कंपनीने सुरतेच्या गोदीतला एक हुशार मुकादम मुंबईला बोलावला. त्याचं नाव लवजी नसरवानजी. तो आपल्यासोबत दहा सुतार घेऊन आला.

या लवजीने मुंबईत गोदी उभी केली. १७५० मध्ये कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे काय, तर जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी बाहेर काढायचं आणि तळ उघडा पाडून काम करायचं. त्याआधी जहाजाचा तळ दुरुस्त करायला भरती-ओहोटीच्या भरवशावर राहावं लागायचं.

जमशेटजी हा या लवजीचा नातू. जन्म १७५० च्या दशकातला. आता तुम्ही म्हणाल, आजोबा गोदीचे प्रमुख, म्हणजे नातवाची चैन असेल. तसं काही नव्हतं. लवजींनी जमशेटजी आणि त्याचा चुलतभाऊ फ्रामजी या दोघांनाही साध्या सुतारांसोबत कामाला लावलं. पगार महिन्याला १२ रुपये. रंधा मारायचा, करवत चालवायची, फळी वाकवायची. नकाशे नंतर, आधी लाकूड.

१७७४ मध्ये लवजी गेले तेव्हा मागे ठेवलं काय? एक घर आणि वीस हजारांच्या आतली रोकड. जवळपास चार दशकं मुंबईत कंपनीची जहाजं बांधून हाती एवढंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत जहाजांच्या किमती येतील तेव्हा उपयोगी पडेल.

लवजींनंतर त्यांची मुलं माणेकजी आणि बोमनजी यांनी गोदी सांभाळली. बोमनजी १७९० मध्ये आणि माणेकजी १७९२ मध्ये वारले. मग फ्रामजी आणि जमशेटजी हे दोघे चुलतभाऊ प्रमुख झाले. १८०४ मध्ये फ्रामजीही गेले आणि सगळी गोदी एकट्या जमशेटजींच्या खांद्यावर आली.

काळा माणूस आरमाराचं जहाज बांधेल?

तिकडे युरोपात नेपोलियनसोबत युद्ध पेटलेलं. ब्रिटनला जहाजं हवीत, पण जहाजाला लागणारा ओक मिळेना. एका मोठ्या लढाऊ जहाजाला हजारो झाडं लागायची आणि ओक वाढायला शंभर वर्षं घेतो. दुसरीकडे मलबारात सागवानाची जंगलं उभी होती.

सागवान का? ओकच्या लाकडात टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खाऊन टाकतं. सागात तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. वाळवी आणि कुज या दोन्हीला साग दाद देत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्याची सागवानी चौकट आजही जशीच्या तशी निघते ना, तोच प्रकार. फरक एवढाच की इथं चौकट समुद्रात तरंगणार होती आणि तिच्यावर तोफगोळे बसणार होते.

१८०२ च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने ठरवलं की मुंबईत राजाच्या आरमारासाठी जहाजं बांधून घ्यायची. पण एक अडचण त्यांच्या डोक्यात होती. एतद्देशीय माणसावर एवढं मोठं काम सोपवायचं कसं? म्हणून आधी विलायतेतून एक गोरा कारागीर प्रमुख म्हणून पाठवायचा बेत होता. मग जमशेटजींचं काम पाहिलेल्या लोकांनी लंडनला शब्द टाकला. बेत रद्द झाला आणि जमशेटजीच प्रमुख राहिले.

याच काळातली एक गोष्ट वाडिया घराण्याबद्दल सांगितली जाते. १८०० साली मुंबईत कॉर्नवॉलिस नावाचं एक फ्रिगेट बांधून झालं. जमशेटजी त्याच्या पोटात उतरले आणि आतल्या एका वाशावर त्यांनी इंग्रजीत कोरून ठेवलं की हे जहाज एका हलकट काळ्या माणसाने या साली बांधलं आहे. गोरे साहेब गोदीत कामगारांना ज्या शिवीने हाक मारत, तीच शिवी स्वतःला लावून. कुणाला सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला परत गोदीत आलं. सगळे साहेब लाकडाची तारीफ करू लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे तो वासा दाखवला.

गोष्ट घडली तशीच सांगितली जाते का, हा वेगळा मुद्दा. पण दोनशे वर्षं ती टिकली आहे यावरूनच त्या गोदीत काय चालायचं ते कळतं. जहाजाला नाव लॉर्डाचं, झेंडा राजाचा, आणि बांधणाऱ्याची सही अंधारात, पोटातल्या लाकडावर.

साष्टी नावाचं जहाज आणि कवी बायरन

जमशेटजींनी राजाच्या आरमारासाठी आधी एक फ्रिगेट करून दिलं, ३६ तोफांचं. त्याचं नाव सॅलसेट. सॅलसेट म्हणजे आपली साष्टी, वांद्रे ते बोरिवली ज्या बेटावर वसलंय ते. हे साष्टी नावाचं जहाज थेट बाल्टिक समुद्रात गेलं, तिथल्या बर्फात अडकलं आणि सुखरूप बाहेरही आलं. सागवान कामाला आलं.

१८१० मध्ये याच जहाजातून इंग्रज कवी लॉर्ड बायरन तुर्कस्तानात फिरत होता. वाटेत जहाज थांबलं असताना ३ मे रोजी त्याने डार्डानेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली. युरोपातून आशियात, पोहत. साहित्याच्या पुस्तकात बायरन येतो, सामुद्रधुनी येते. मुंबईचं जहाज मात्र गाळलं जातं.

त्याच वर्षी, १९ जून १८१० रोजी, मुंबईत मिंडेन पाण्यात उतरलं. ७४ तोफा. लढाईच्या रांगेत उभं राहणारं एवढं मोठं जहाज ब्रिटिश आरमारासाठी भारतात बांधलं जाण्याची ही पहिलीच वेळ. जमशेटजींचं एक चित्र आहे, लंडनजवळ ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे. अंगात पांढरा जामा, डोक्यावर पगडी, हातात नकाशा आणि कंपास, कमरेच्या शेल्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी. ही मोजपट्टी कंपनीने त्यांना बक्षीस दिलेली. आणि मागे दिसतं ते मिंडेन.

मॉडेल बनवणाऱ्याला या चित्रात सगळ्यात आधी ती मोजपट्टीच दिसते, हे सांगायला नको.

मिंडेनबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो की अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या या जहाजावर लिहिलं गेलं. वाचायला भारी वाटतं, पण खरं नाही. फ्रान्सिस स्कॉट की १८१४ च्या त्या रात्री एका अमेरिकन तहनौकेवर होता आणि मिंडेन त्या ताफ्यात असल्याचा पुरावा नाही. मेसेज आला तर पुढे पाठवू नका. मिंडेनची खरी कामगिरी त्याशिवाय पुरेशी आहे. म्हातारपणी ते हाँगकाँगला इस्पितळ-जहाज म्हणून उभं राहिलं आणि तिथल्या एका रस्त्याला आजही मिंडेनचं नाव आहे.

नकाशे बुडाले, मग जहाज कसं बांधलं?

आता येतो आमचा सगळ्यात आवडता भाग.

तेव्हा लढाऊ जहाजाचे नकाशे लंडनमध्ये काढले जायचे, ते १:४८ या मापात. म्हणजे कागदावर पाव इंच, तर जहाजावर एक फूट. इंग्लंडमध्ये याच मापाची लाकडी मॉडेल्स करायची पद्धत सतराव्या शतकापासून होती. आज जगभरातले हौशी लोक लाकडी जहाजासाठी १:४८ वापरतात त्याचं मूळ तिथं आहे. मग हा नकाशा गोदीत आला की मोठ्या दालनाच्या जमिनीवर खडूने खऱ्या मापात परत काढायचा, त्यावरून लाकडी साचे कापायचे आणि साच्यावरून जहाजाच्या फासळ्या. मॉडेलवाला खरं जहाज छोटं करतो, जमशेटजी कागदावरचं छोटं जहाज ४८ पट मोठं करत. हिशोब तोच, फक्त उलटा.

१८१२ मध्ये मुंबईसाठी नवीन जहाजांचे नकाशे घेऊन एचएमएस जावा नावाचं फ्रिगेट इंग्लंडहून निघालं. त्यात मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रेही होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची गाठ पडली अमेरिकेच्या यूएसएस कॉन्स्टिट्यूशनशी. तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांचं युद्ध चालू होतं. जावाच्या चिंध्या झाल्या, अमेरिकनांनी ते पेटवून दिलं. नकाशे गेले, तांबं गेलं.

इथं मुंबईत लाकूड तयार, सुतार तयार, आणि सूचना-पत्रकच नाही. किटच्या डब्यात माहितीपत्रक न मिळालेल्या माणसाला हे दुःख कळेल.

जमशेटजींनी काय केलं? १८१३ मध्ये त्यांनी दुसरं कॉर्नवॉलिस पाण्यात सोडलं होतं, ७४ तोफांचं. (१८०० सालचं ते वेगळं, नावं सारखी असल्याने इंटरनेटवर भरपूर गोंधळ आहे.) पुढचं जहाज वेलस्ली बांधायला हवे असलेले नकाशे बुडाले होते, तर त्यांनी सरळ कॉर्नवॉलिसच्याच मापांवर वेलस्ली उभं केलं. १८१५ मध्ये ते पाण्यात उतरलं.

ट्रिंकोमालीचे नकाशेही जावासोबतच गेले होते. त्याच्यासाठी लंडनहून दुसरी प्रत मागवावी लागली. १८१६ मध्ये त्याचा कणा बसवला, म्हणजे तळातला तो मुख्य लांब वासा. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात गेलं. खर्च सुमारे २३ हजार पौंड. लवजींची ती रोकड आठवा.

गंमत बघा. ज्या कॉन्स्टिट्यूशनमुळे नकाशे नष्ट झाले ते आज बॉस्टनला पाण्यावर तरंगतंय. आणि ज्याचे नकाशे नष्ट झाले ते ट्रिंकोमाली हार्टलपूलला तरंगतंय. ब्रिटनची अजूनही पाण्यावर असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका तीच. नेल्सनचं व्हिक्टरी तिच्याहून जुनं आहे, पण ते कोरड्या गोदीत टेकवलेलं आहे.

अभिमान वाटावा की राग यावा?

इथं थांबून एक गोष्ट बोलावी लागेल, नाहीतर हा लेख नुसता छाती फुगवायचा कार्यक्रम होईल.

ही जहाजं कुणासाठी लढली? कॉर्नवॉलिस चीनच्या अफूच्या युद्धात गेलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह त्याच्याच डेकवर झाला, ज्यात चीनने हाँगकाँग गमावलं. मुंबईच्या सुताराने घडवलेल्या फळ्यांवर उभं राहून एका देशाची मान वाकवली गेली. आणि ती अफू बरीचशी भारतातली.

वेलस्लीची गोष्ट तर आम्हाला फारच लागली. फेब्रुवारी १८३९ मध्ये ते मुंबईहून कराचीवर चालून गेलं. बंदराच्या तोंडाशी किल्ला होता. जहाजाने तोफा डागल्या, थोड्याच वेळात किल्ल्याची भिंत कोसळली आणि कराची इंग्रजांच्या ताब्यात गेली. त्या किल्ल्याच्या जागेचं नाव? मनोरा. हे वाचलं तेव्हा आम्ही मानोऱ्यात बसून लॅपटॉपकडे दोन मिनिटं नुसतं बघत होतो. आपल्या गावाचा त्या मनोऱ्याशी संबंध नाही, पण नाव सारखं असलं की गोळा आपल्याच भिंतीवर बसल्यासारखा वाटतो.

मग जमशेटजींना काय म्हणायचं? इंग्रजांचा चाकर? आमच्या मते एवढं सोपं नाही. ज्या काळात लंडनचे थेम्सकाठचे जहाजबांधणीवाले भारतीय बनावटीच्या जहाजांविरुद्ध आरडाओरडा करत होते, त्या काळात हा माणूस त्यांच्याच आरमाराला त्यांच्यापेक्षा टिकाऊ जहाजं देत होता. १८०९ मध्ये मुंबईत आलेल्या मारिया ग्रॅहम या प्रवासी लेखिकेने नोंदवून ठेवलंय की गोदीचं सगळं काम पारशीच पाहतात. तोफ कुणावर डागायची हे मात्र त्या पारशांच्या हातात नव्हतं. जमशेटजींचं कौतुक करताना नानकिंग आणि कराची विसरायची नाही, आणि ती दोन नावं घेताना त्यांचं कसब नाकारायचं नाही. आम्हाला तरी दोन्ही एकत्र धरूनच चालावं लागतं.

शेवटचं जहाज

१८२१ मध्ये जमशेटजी वारले. गंगेस, म्हणजे आपली गंगा, हे ८४ तोफांचं जहाज तेव्हा गोदीत होतं. ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाण्यात उतरलं, पण ते बघायला जमशेटजी नव्हते. गोदी मुलाकडे, नवरोजींकडे गेली. पुढे वाफेची इंजिनं आली, मग लोखंडी जहाजं आली आणि सागवानाचे दिवस संपले.

पण जहाजं संपली नाहीत. दुसरं कॉर्नवॉलिस इंग्लंडमध्ये धक्का म्हणून वापरात राहिलं आणि १९५७ मध्ये तोडलं गेलं. वेलस्लीला थेम्स नदीत पोरांचं प्रशिक्षण जहाज करून ठेवलं होतं. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले त्यात ते जबर जखमी होऊन बुडालं. शिडाच्या जमान्यातलं, १८१५ साली मुंबईत बांधलेलं जहाज हिटलरच्या विमानांनी बुडवलं. युद्ध संपल्यावर ते वर काढलं, तोडलं आणि त्याचं काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत वापरलं. सव्वाशे वर्षं पाण्यात राहून, बॉम्ब खाऊन, चिखलात बुडूनही ते लाकूड परत वापरण्याजोगं निघालं.

तुम्हाला बनवायचं असेल तर

ट्रिंकोमालीची तोफांच्या मजल्यावरची लांबी साधारण १५० फूट. १:४८ ला ती साडेसदतीस इंच होते, म्हणजे तीन फुटांच्या वर, घरात ठेवायला जागा हवी. १:९६ घेतलं तर पावणेएकोणीस इंच, टीव्हीच्या शेजारी बसतं. आम्ही मोठं घेतलं, आता पस्तावतोय.

लाकूड सागाचंच घ्या असा आमचा हट्ट होता. गावातल्या सुतारकाकांकडून दाराच्या चौकटीचे उरलेले तुकडे आणले. पण मॉडेलला साग अवघड जातो, कारण त्याच्या रेषा मोठ्या असतात आणि छोट्या मापात त्या रेषा खोट्या दिसतात. सुतारकाकांनी हे आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. शेवटी फासळ्या सागाच्या ठेवल्या आणि वरच्या फळ्या दुसऱ्या बारीक रेषेच्या लाकडाच्या लावल्या.

तळाला तांबं येतं. खरे पत्रे साधारण चार फूट लांबीचे असायचे, १:४८ ला बरोबर एक इंच. चिकट तांब्याची पट्टी ऑनलाइन मिळते, ती इंच-इंच कापून खालून वर आणि मागून पुढे लावत जायची, म्हणजे पुढचा तुकडा मागच्यावर चढतो आणि पाणी खाली शिरत नाही. मॉडेल पाण्यात जाणार नाही, तरी क्रम तोच ठेवायचा.

रंगात काळा आणि पांढरा पट्टा. पण शुद्ध काळा लावू नका, त्यात थोडा राखाडी मिसळा. मोठी वस्तू लांबून बघताना तिचा रंग फिका दिसतो, म्हणून छोट्या मापात रंगही थोडा उतरवावा लागतो. दोरखंडाला सुती दोरा, आधी मधमाशीच्या मेणातून ओढून घ्यायचा, नाहीतर त्याचे तंतू १:४८ ला केसाळ दोरखंडासारखे दिसतात.

आमच्या ट्रिंकोमालीच्या तीन डोलकाठ्या अजून उभ्या राहायच्या आहेत. कण्यात खिळा मात्र ठोकून झालाय. चांदीचा परवडला नाही, पितळेचा आहे.